मल्चिंग पेपर निफाडचा, कासव समुद्रातलं: संबंध कुठे येतो?

निफाड तालुक्यातल्या एका टोमॅटो-द्राक्ष बागायतदाराने मल्चिंग पेपरबद्दल, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरतात त्या पातळ प्लास्टिकबद्दल, प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "मुलीला शाळेत समुद्रातल्या प्लास्टिकवर प्रकल्प दिलाय. ती म्हणते, पप्पा, तुम्ही बांधावर टाकलेला मल्चिंग पेपर कासवाच्या पोटात जातो. मी म्हटलं, समुद्र कुठे, आपण कुठे! आपली गोदावरी तर आधी जायकवाडीत जाते. खरं काय? एवढ्याशा पिशवीने दोन फुटांचं कासव मरतं तरी कसं? आणि प्लॉट संपल्यावर पेपर जाळून टाकला तर मिटला ना विषय?"

भाऊ, मी पशुवैद्यक. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं कोकण किनाऱ्यावर गेली. जाळ्यात अडकलेली, पावसाळ्यात वाहून आलेली कासवं तपासायची वेळ तिथे वरचेवर यायची. पुढे नाशिकला आलो तो गायी-म्हशींचाच झालो. त्यामुळे उत्तराची सुरुवात कासवापासून करत नाही, गायीपासून करतो. गाय तुमच्या दारातली आहे, आणि कासवाचं दुखणं निम्मंअधिक तिच्यासारखंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात शहराला लागून असलेल्या एका गोठ्यातून फोन आला. गाय चार दिवस वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ बंद, डावी कूस टम्म. भूल देऊन गायीला उभ्याउभ्याच कुशीवर चीर दिली, कोटीपोट (गायीचं पहिलं, सगळ्यात मोठं पोट) उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला चारा लागेना. लागली ती ओल्या गोधडीसारखी एक गाठ. एक टोक ओढावं तर पिशवीच्या कानातून दुसरी पिशवी, तिच्यात गुंतलेली सुतळी, सुतळीच्या मागे कांद्याच्या लाल गोणीचं जाळं. दोन घमेली भरली. एका दुधाच्या पिशवीवरची अक्षरं अजून वाचता येत होती. चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरची हातभर पट्टीही निघाली. गोठ्याचा मालक म्हणाला, "डॉक्टर, गाय येडी झाली का हो, प्लास्टिक खायला?"

गाय येडी नसते. आपण शिळी पोळी, भाजीची देठं, फळांची सालं पिशवीत घालून गाठ मारून फेकतो. गायीला वास येतो तो पोळीचा. तिला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने ओढून घेते आणि आधी गिळून मग निवांत रवंथ करते. निवडून खायची सोय तिच्या तोंडात नाहीच. अन्न पचून पुढे जातं, पिशवी कोटीपोटात राहते. महिनोन्‌महिने एकेक पिशवी साठत जाते आणि चाऱ्याला जागा उरत नाही. बाहेरून जनावर पोट भरलेलं दिसतं, आतून उपाशी असतं.

आता समुद्रात चला.

लहानपणापासून आपण ऐकतो की कासव पिशवीला जेलीफिश समजून खातं. ते खोटं नाही. लेदरबॅक नावाचं सगळ्यात मोठं समुद्री कासव मुख्यतः जेलीफिशवरच जगतं, आणि पाण्यात अर्धवट फुगलेली पांढरी पिशवी खालून पाहिली तर मलाही चटकन फरक सांगता येणार नाही. पण गोष्ट नजरेच्या फसवणुकीवर संपत नाही. प्लास्टिक समुद्रात काही आठवडे तरंगलं की त्यावर शेवाळाचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्या थरातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्राचा म्हणून जो एक खमंग-उग्र वास आपण ओळखतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. कित्येक समुद्री पक्ष्यांना हा वास म्हणजे जेवणाची घंटा. जिथे हा वास तिथे बारीक जीव, तिथे मासे, असा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. २०१६ मध्ये पक्ष्यांबाबत हे दाखवून दिलं गेलं. २०२० मध्ये कासवांवर प्रयोग झाला. समुद्रात भिजवून थर चढवलेल्या प्लास्टिकचा वास आला की कासवं खऱ्या अन्नाच्या वासाला जसं नाक पाण्याबाहेर काढून हुंगतात, तसंच वागली. कोऱ्या प्लास्टिकला त्यांनी विचारलंही नाही.

म्हणजे गायीला पोळीचा वास, कासवाला समुद्राचा. त्या जनावराने चूक केलेली नाही. त्याचं नाक अगदी बरोबर चाललंय, फक्त वास येतो त्या जागी अन्न नाही.

"एवढ्याशा पिशवीने कासव मरतं कसं" याचं उत्तर त्याच्या घशात आहे. मेलेल्या कासवाचा घसा मी पहिल्यांदा उघडला तेव्हा दचकलो होतो. आतून काटेच काटे. पेरभर लांबीचे, शंकूसारखे, सगळेच्या सगळे पोटाच्या दिशेने वळलेले. कासव भक्ष्य गिळतं तेव्हा सोबत खारं पाणीही आत जातं. घसा आवळून ते पाणी बाहेर टाकतं आणि भक्ष्य निसटू नये म्हणून हे काटे धरून ठेवतात. बोट आतल्या बाजूला फिरवलं तर मऊ लागतं, बाहेर ओढलं तर अडतं. बुळबुळीत जेलीफिशसाठी याहून चांगली रचना नाही आणि पिशवीसाठी याहून वाईट नाही. एकदा आत गेलेलं प्लास्टिक थुंकून टाकायची वाट त्याला नाही.

आत गेल्यावर काय होतं ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही. कधी आतड्यात बोळा अडकून मार्ग बंद होतो. कधी कडक तुकड्याची धार आतडं फाडते. पण मला जास्त वेळा दिसलं ते तिसरंच. कासव पाण्यावर तरंगत राहतं. अडलेल्या आतड्यात अन्न कुजतं, वायू धरतो आणि पाठीमागची बाजू वर उचललेल्या अवस्थेत ते जीव तोडून वल्ही मारत असतं, पण बुडी काही मारता येत नाही. असं तरंगणं न्यूमोनियामुळेही येतं, त्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय कारण पक्कं सांगायचं नसतं. बुडी मारता आली नाही की खेकडे, कोळंबी, खालचं अन्न सगळं बंद. वरून ऊन, वरून होड्यांचे पंखे. आपल्याकडे गाय फुगली की तासाभरात धावपळ सुरू होते. कासवाचं हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि पाहायला कुणी नसतं.

किती प्लास्टिकने मरतं, यालाही आकडा आहे. ऑस्ट्रेलियातल्या जवळपास हजार मृत आणि किनाऱ्यावर आलेल्या कासवांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला: पोटात १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता निम्मी. एकच तुकडा असेल तरी पाचातून एकाहून थोडी जास्त. दोन घमेली लागत नाहीत. गायीचं कोटीपोट म्हणजे शंभर-दीडशे लिटरचा हौद, त्यात पिशव्या वर्षभर मावतात. कासवाचं आतडं अरुंद आणि गती मंद. पिल्लांचं तर विचारूच नका. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू तळहातावर तीनचार मावतील एवढं असतं. पहिली काही वर्षं ते प्रवाह एकत्र येतात तिथल्या तरंगत्या शेवाळाच्या आडोशाने काढतं, कारण खायला तिथेच मिळतं. आणि पाण्यावरचं प्लास्टिकही तेच प्रवाह नेमकं तिथेच आणून गोळा करतात.

पक्ष्यांबद्दल एक गोष्ट पशुवैद्य म्हणून मला फार लागली. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरच्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकच्या सततच्या घासण्याने व्रण पडतात, ते भरताना जाड चट्टा धरतो आणि पाचक ग्रंथीच नष्ट होत जातात. २०२३ मध्ये या आजाराला स्वतंत्र नाव दिलं गेलं: प्लास्टिकोसिस. सिलिकाच्या धुळीने खाणकामगारांच्या फुप्फुसाला जो आजार होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात, त्याच चालीवर. नवा रोग पाठ्यपुस्तकात यावा आणि त्याचं कारण जंतू नसून डबा-पिशवी असावी, हे आमच्या पिढीच्याच नशिबी होतं.

इथे जरा थांबून तुमच्या बाजूचं बोलतो. समुद्रात जीव घ्यायच्या बाबतीत पिशवीचा नंबर पहिला नाही. पहिला नंबर मासेमारीच्या जाळ्यांचा.

पॅसिफिक महासागरात हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधे कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा आहे, त्याचं २०१८ मध्ये मोजमाप प्रसिद्ध झालं. वजनाने ४६ टक्के प्लास्टिक म्हणजे निव्वळ जाळी. पूर्वी जाळी सुताची, तागाची असायची. तुटून वाहून गेलं तरी काही महिन्यांत कुजायचं. आताची प्लास्टिकची जाळी कुजत नाहीत. मालक नसलेलं जाळं वर्षानुवर्षं मासेमारी करत राहतं. त्यात मासा अडकतो, माशाच्या वासाने खेकडा येतो, खेकड्यासाठी कासव येतं. आषाढात किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी आली होती. पुढच्या डाव्या वल्ह्याला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, हिरव्या जाळ्याचा एकच धागा, पण बारा वेढे. कोळी बांधवांनी टेंपोत ओली गोणपाटं घालून तिला आणलं. वेढे कापत गेलो तसं दिसलं की धाग्याने कातडी, मांस कापून हाड गाठलंय आणि हाडालाही खाच पडली आहे. वल्हं काढावं लागलं. तीन वल्ह्यांवर कासव जगतं, पोहतंही, पण मादी असेल तर वाळूत खड्डा करायला मागची दोन शाबूत लागतात. तिची मागची शाबूत होती, एवढंच समाधान.

फुगे हाही असाच दुर्लक्षिलेला विषय आहे. समुद्री पक्ष्यांच्या अभ्यासात, गिळलेल्या फुग्याच्या रबराने मरण्याची शक्यता कडक प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट निघाली, कारण मऊ रबर आतड्याच्या वळणावर बुचासारखं बसतं. वाढदिवसाला आकाशात फुगे सोडणाऱ्या पालकांना मी हे सांगतो, आणि त्यानंतर सहसा मला वाढदिवसाला बोलावत नाहीत.

आता तुमचा मूळ मुद्दा: समुद्र कुठे, आपण कुठे.

नाशिक जिल्हा सह्याद्रीच्या माथ्यावर बसलाय आणि त्याचं पाणी दोन्हीकडे जातं, हे मुलीला नकाशावर दाखवा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पण त्र्यंबकच्याच डोंगरातली वैतरणा पश्चिमेला उतरते आणि पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळते. दिंडोरी-पेठकडचं पाणी दमणगंगेतून दमणला जातं. त्र्यंबकहून सरळ रेषेत किनारा शंभर किलोमीटरही नाही. घाटमाथ्यावरच्या हॉटेलामागे टाकलेल्या बाटलीला समुद्र दूर नाही, उतारही आहे आणि पाऊसही.

तुमचं निफाड मात्र गोदावरीच्या बाजूला. तिथे तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. टोमॅटोच्या प्लॉटातून नाल्यात गेलेला पेपर कादवेत किंवा गोदावरीत येतो आणि पहिल्यांदा अडतो तो नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला. तिथून सुटला तर जायकवाडी. मग नांदेडचा विष्णुपुरी, पुढे तेलंगणातली धरणं, आणि शेवटी राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा. एवढे दरवाजे ओलांडून अख्खी पिशवी समुद्राला पोहोचणं दुर्मीळच. २०२१ मध्ये जगभरच्या नद्यांचा मोठा अभ्यास आला, त्यातही हेच दिसतं. त्याआधी सगळे म्हणायचे, समुद्रातलं नद्यांचं प्लास्टिक प्रामुख्याने दहाच महानद्या आणतात. नव्या हिशेबात हजाराहून अधिक नद्या मिळून ८० टक्के, आणि त्यात वरच्या क्रमांकाला किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या. आपल्याकडची उल्हास त्यात आहे. लांबी, धरणं आणि काठची झाडी प्लास्टिक रोखून धरतात. तेव्हा मुलीच्या प्रकल्पात "पप्पांची पिशवी थेट कासवाच्या पोटात" असं लिहिलेलं असेल तर ते खोडायला सांगा. शास्त्रात ढकलून दिलेलं चालत नाही.

पण मग प्लास्टिक जातं कुठे? अडलं म्हणजे संपलं असं नव्हे. पूर ओसरल्यावर खानगाव थडीला जाऊन बघा. बाभळीच्या फांद्यांना चिंध्या लोंबतात, आणि त्या चिंध्यांच्या उंचीवरून पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. नाशकात पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, खाली तो प्लास्टिकवर मोजता येतो. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतली; जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली. हिवाळ्यात बाहेरदेशची बदकं उतरतात ती याच गाळात चोच घालून खातात. म्हणजे समुद्री पक्ष्याच्या जठराबद्दल वर जे लिहिलं, त्याची तालीम तुमच्या गावाशेजारी चालू असू शकते.

उन्हात त्या चिंध्यांचं जे होतं तेच महत्त्वाचं. सूर्यप्रकाशाने प्लास्टिक कडक होतं, तडकतं, चुरा होतो. मल्चिंग पेपर दुसऱ्या हंगामाला हातात घेतला की पापडासारखा मोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द २००४ च्या एका शोधनिबंधाने रूढ केला. अख्ख्या पिशवीला जे दरवाजे अडवतात ते या चुऱ्याला तेवढे अडवत नाहीत. काही गाळात बसतो, काही पाण्याबरोबर पुढे. पुरात दरवाजे उघडले की गाळासकट निघतो. धवळेश्वरमच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात आणि काकिनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत पाणी मंदावतं. माशांची, कोळंबीची पिल्लं वाढतात ती तिथेच.

चुऱ्याने लगेच कुणी तडफडून मरत नाही, म्हणून तो बातमीत येत नाही. समुद्रात कोपेपॉड नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव असतात. तारली-बांगड्यासारख्या माशांचा चारा म्हणजे हेच. प्रयोगात त्यांच्या पाण्यात प्लास्टिकचे सूक्ष्म मणी मिसळले तर त्यांचं खरं खाणं घटलं आणि अंडी लहान झाली, त्यांतून पिल्लं कमी निघाली. वाळूत राहणाऱ्या लगवर्म नावाच्या किड्यांच्या वाळूत प्लास्टिक मिसळलं तर त्यांच्या शरीरातला ऊर्जेचा साठा निम्म्यापर्यंत खाली आला. चारा निकृष्ट झाला की गोठ्याचं दूध कमी होतं, पण एकही गाय मेलेली नसते. तसं हे. प्रयोगातल्या मात्रा कित्येकदा समुद्रातल्या प्रत्यक्ष मात्रेपेक्षा जास्त असतात, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण मात्रा वाढतेच आहे, आणि एकदा गाळात गेलेला चुरा वेचायला कुणाचे हात पुरणार नाहीत. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा, मारियाना गर्ता, तिथे जवळपास ११ किलोमीटर खाली प्लास्टिकच्या पिशवीचं चित्र १९९८ मध्येच टिपलं गेलं होतं.

प्रवाळांचं थोडक्यात. आशिया-पॅसिफिकमधले दीडशेहून अधिक प्रवाळ खडक तपासले तेव्हा प्लास्टिक न लागलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्के होती, प्लास्टिक अडकलेल्याला ८९ टक्के. प्लास्टिक घासून जखम करतं, उजेड अडवतं आणि जंतूंना बसायला जागा देतं. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, त्यांनाही हेच नियम.

आणि दोन समुद्र वेगळे आहेत असं मानू नका. २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला ०३२३३ क्रमांकाचा टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा. गोदावरीच्या तोंडावरून गेली असणार आणि वैतरणेच्या बाजूच्या समुद्रात पोहोचली. नाशिकच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना पाठवून आपण सुटलो असं वाटत असेल तर ही बाई दोन्हीकडे जेवून आली आहे.

मुलीला एक प्रयोग द्या. बादलीत दहा लिटर पाणी, त्यात ३५० ग्रॅम मीठ. झालं समुद्राचं पाणी. त्यात नखाएवढे तुकडे टाकायचे: कॅरीबॅग, पाण्याच्या बाटलीचं झाकण, त्याच बाटलीचा तुकडा, ठिबकची नळी, मल्चिंग पेपर, पीव्हीसी पाइप, नायलॉनची दोरी, थर्माकोल. बुडबुडे चिकटू नयेत म्हणून प्रत्येक तुकडा बोटाने दाबून बुडवायचा आणि सोडायचा. झाकण वर येईल, बाटली बुडेल. एकाच वस्तूचे दोन भाग, एक पक्ष्याच्या वाट्याला, एक तळच्या खेकड्याच्या. कॅरीबॅग, ठिबक, मल्चिंग आणि थर्माकोल तरंगतील. पीव्हीसी आणि नायलॉन तळाला जातील. म्हणजे मालकाविना सुटलेलं नायलॉनचं जाळं तळाशी बसून काम करतं आणि आपल्या शेतातलं प्लास्टिक, पोहोचलंच तर, कासव श्वास घ्यायला येतं त्या थरात फिरतं. शाळेत तक्त्यावर रंगीत कासव काढण्यापेक्षा ही बादली नेली तर गुरुजींनाही बरं वाटेल.

काही वाक्यं मात्र प्रकल्पात घालू नका. "२०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त" हे सगळीकडे दिसतं. समुद्रातले मासे मोजायचा अंदाजच इतका ढोबळ आहे की ती तुलना टिकत नाही. "पिशवी कुजायला पाचशे वर्षं" हाही अंदाज. प्लास्टिक घाऊक बनायला लागून पाऊणशे वर्षं झाली, पाचशे वर्षं पाहिलीत कुणी? पक्का आकडा हवा तर हा घ्या: २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात ४८ लाख ते १२७ लाख टन प्लास्टिक गेलं असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला. तोही अंदाजच, पण कसा काढला ते उघड आहे.

आता जाळण्याचा प्रश्न. नाही, विषय मिटत नाही. मल्चिंग पेपर पॉलिइथिलीनचा असतो. उघड्यावर अर्धवट जळून काजळी आणि विषारी धूर होतो. त्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे किंवा औषधांच्या बाटल्या पडल्या तर डायॉक्सिनसारखी जहाल रसायनं तयार होतात, आणि वितळून गोठलेले खडे मातीत राहतात ते वेगळेच. धूर तुमच्याच घडांवर बसतो. रोटाव्हेटर फिरवून पेपर मातीत गाडणं त्याहून वाईट. तो चुरा करायचा सोपा कारखाना आहे.

करायचं काय? माझ्या पाहण्यात जे शेतकरी पेपर नीट काढतात ते दोनच गोष्टी वेगळ्या करतात. एक, घेताना अगदी पातळ पेपर घेत नाहीत. पंधरा-वीस मायक्रॉनचा काढताना हातात येतो तो चिंध्या होऊन, तीसचा गुंडाळत येतो. पातळ पेपरात रुपये वाचतात ते मजुरीत जातात. दोन, प्लॉट संपल्यावर लगेच काढतात. झाड बुंध्याशी कापायचं, माती कोरडी असताना पेपर एका टोकाने गुंडाळत न्यायचा, झटकून गठ्ठा बांधायचा. दोन महिने उन्हात राहिला की त्याचे तुकडे वेचत बसावं लागतं. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला आनंदाने नेतो. मातीने लडबडलेला पेपर नेत नाही, म्हणून पेपर झटकलेला आणि कोरडा हवा, आणि गावातल्या पाचदहा जणांचा माल एकत्र केला तर गाडी येते. टोमॅटोची प्लास्टिक सुतळी तर मी शत्रू नंबर एक मानतो. गायीच्या पोटातली गाठ बांधते ती सुतळीच. तागाची वापरता आली तर बघा.

"कुजणारा" म्हणून विकतात त्या पेपर-पिशव्यांना भुलू नका. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध झाला की बायोडिग्रेडेबल म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं समुद्रात आणि मातीत ठेवल्यावरही बाजारहाट उचलू शकत होती. कंपोस्ट होणाऱ्या प्रकारांनाही बहुधा कारखान्यातल्या खतढिगाची साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. नाल्यात ती कुठून येणार?

आणि सगळ्यात कामाची गोष्ट तारखेची आहे. वर्षभरात नाल्याकाठी साठलेलं पहिल्या मोठ्या पावसात एका झटक्यात निघतं. मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, बांध आणि नाल्याची कड एकदा साफ केली तर वर्षभर वेचण्याइतका उपयोग होतो. पाणी वाहू लागल्यावर नदीत जाळी लावून वेचणं म्हणजे गाय फुगल्यावर कोटीपोट फाडण्यासारखं. करावं लागतं, पण ती वेळ गेलेलीच असते. नाशिक शहराचं अवघड दुखणंही हेच. २०१५ च्या सिंहस्थात शाही स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पुराच्या दिवसांत होती, आणि २०२७ चाही सिंहस्थ पावसाळ्याला चुकणारा नाही. घंटागाडी दारात येते तरी निर्माल्य मात्र भक्तिभावाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून होळकर पुलावरून सोडायचं, हे माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. फुलं गंगेला, पिशवी कुणाला?

मुलीला प्रकल्पासाठी अजून काही हवं असेल तर येत्या पावसाळ्यात पहिला पूर ओसरल्यावर थडीवरच्या एकाच बाभळीचं सगळं लोंबणारं प्लास्टिक काढायला सांगा. हातमोजे घालून, सोबत मोठं माणूस घेऊन. मग चार ढीग करायचे: पिशव्या, पेपर, सुतळी, बाकी. वजन नको, नग मोजायचे. माझा अंदाज सुतळीचा ढीग मोठा निघेल असा आहे. चुकला तर कळवा.